हार शेवटी घालायचा

४ नोव्हेंबर

नांदेडहून निघताना गाइड मॅडमनी बजावलं होतं, "तनुजा, फील्डवर रोज लिहायचं. जे दिसलं तेच लिही, मनातलं नको." ती वही निळी आहे आणि ती त्यांना दाखवायची आहे. ही दुसरी. हिच्यात मनातलं.

विषय एका ओळीत सांगायचा तर फ्लेक्सवरचे चेहरे. चौकाचौकांत जे चेहरे टांगलेले असतात ते कोण टांगतं, कोणाला मोठं करतं, कोणाला कोपऱ्यात बसवतं आणि त्यामुळे माणसांचं एकमेकांशी काय होतं. लातूरला बाबांना हे समजावलं तर म्हणाले, "पोस्टरं बघायला शिष्यवृत्ती मिळती व्हय? मग आम्ही जन्मभर फुकटच बघितली की."

किशनमामा नसते तर बारावीनंतरच माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या असत्या. तेव्हा ते गावाहून मुद्दाम लातूरला आले, बाबांच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोरगी शिकंल तेवढी शिकू द्या. बाकीचं माझ्याकडं लागलं." आताही त्यांच्याच घरी राहून काम करते आहे. गावाहून अहमदपूर अर्ध्या तासावर. सकाळच्या एसटीने जाते आणि बसस्टँडजवळच्या मुज्तबाभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते.

आज एका युवा नेत्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स परत आला. खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे फोटो असतात, त्यातला एक चेहरा शेजारच्यापेक्षा बोटभर लहान छापला गेला होता. दोघे दोस्त दुकानातच हमरीतुमरीवर आले. मुज्तबाभाई चहा पीत शांतपणे मला म्हणाले, "ताई, लिवा. ह्ये बी लिवा तुमच्या वहीत."

मी लिहिलं. आणखी एक लिहिलं, ते मला स्वतःलाच आवडलं: आमच्याकडे बाई फ्लेक्सवर दोनदाच येते. जागा राखीव सुटली की, नाहीतर मेली की.

९ नोव्हेंबर

मामा म्हणजे मामाच. आज भाजीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवून ओसरीवरून असे गरजले की गल्लीतली कुत्री उठली. मग लगेच मला हसून सांगतात, "तुझ्या मामीला एवढी वर्सं झाली, अजून मिठाचा अंदाज न्हाई." मी पण हसले. या घरात मामीला काही न कळणं हा जुनाच विनोद आहे. मामी सरजाबाईसुद्धा हसते.

मामीला तिच्या बहिणीकडे उदगीरला जायचं होतं चार दिवस. मामा म्हणाले, "तनु आलीया, तिला करून कोन घालंल?" माझ्यासाठी बिचारी राहिली. मी म्हटलं, मामी, मी करून खाईन, तू जा. ती म्हणाली, "असू दे माय. जाईन की पुढं कवातरी."

१७ नोव्हेंबर

मामा पडले. सकाळी गोठ्याकडे जाताना. मेंदूत रक्तस्राव. लातूरच्या दवाखान्यात नळ्या लावून ठेवलंय. मृत्युंजयदादा, म्हणजे मामांचा मुलगा, लातूरलाच असतो, तोच सगळं बघतोय. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. मी काचेतून पाहिलं. मामांच्या मिशा कापल्या होत्या नळीसाठी. त्या मिशांशिवाय ते कोणीतरी परके वाटत होते. मी जिन्यात बसून रडले.

मामीला आणलं नाही. दादा म्हणाला, "ती येऊन काय करनार? हितं रडत बसंल, तिला कोन सांभाळायचं?" गुरं आहेत, घर आहे. ती गावीच आहे.

१९ नोव्हेंबर

दादाने आज मला बाहेर बोलावून, खाली बघत सांगितलं, "तनु, तू त्या फ्लेक्सवाल्याकडं बसतीस. आप्पांचा बॅनर करून ठेव. ऐन वक्ताला धावपळ हुती, मग कुठला बी फोटो लागतो. चांगला फोटो बघ."

मला धक्का बसला. आणि त्याच क्षणी, हे लिहायची लाज वाटते, पण ही वही त्यासाठीच आहे, मला आनंदही झाला. माणूस जिवंत असताना त्याचा श्रद्धांजलीचा फोटो घरात कसा ठरतो यावर माझ्या वाचनात तरी कोणी लिहिलेलं नाही. मी अहमदपूरची बस धरली.

मुज्तबाभाईंना नवल वाटलं नाही. त्यांच्या संगणकात अशा तयार फाइली आहेतच. पण त्यांचा एक रिवाज आहे. फोटो लावतात, नाव टाकतात, खालची शोकाकुलांची ओळ भरतात. तारीख टाकत नाहीत आणि हार घालत नाहीत. घरचं माणूस स्वतः दुकानात येऊन 'झालं' म्हणालं की मगच. "हार आखरीला घालायचा, ताई. जित्त्या मान्साच्या गळ्यात न्हाई टाकायचा. आमच्या अब्बांपासून हाय ह्ये." त्यांचे अब्बा हाताने बोर्ड रंगवायचे.

फोटो शोधायला माझा मोबाइल घेऊन बसले. मामांचे फोटो किती! फेट्यात, बैलांशेजारी, मृत्युंजयदादाच्या लग्नात. मामी प्रत्येकात आहे, पण कुठे अर्धी, कुठे कोणाच्या मागे. शेवटी लग्नातला निवडला. मामीला कापावं लागलं, पण ती अशी कडेला होती की फार काम पडलं नाही.

दुपारी मुज्तबाभाई नमाजला गेले. फाइल पडद्यावर उघडी होती. हाराशिवाय, तारखेशिवाय तो फ्लेक्स अर्धवट दिसत होता, कोणाच्या तरी सत्कारासारखा. मॅडमना नमुना पाठवायचा तर पूर्ण हवा. मी हार घातला. तारखेच्या जागी आजची टाकली, ती रिकामी जागा डोळ्याला खुपत होती. पडद्याचा फोटो काढून मॅडमच्या व्हॉट्सअॅपवरच्या अभ्यासगटात टाकला आणि खाली लिहिलं, 'व्यक्ती हयात. फक्त नमुना.' मग हार काढला, तारीख पुसली. मुज्तबाभाई आले तेव्हा फाइल होती तशी होती.

मॅडमचा लगेच निरोप: 'अप्रतिम! हा तुझ्या प्रबंधाचा गाभा होऊ शकतो.'

२० नोव्हेंबर

हे आजच लिहायला हवं.

अभ्यासगटात उदगीरचा व्यंकटी आहे. मामांना तो ओळखतो, त्यांच्याच भावकीतला एक मित्र आहे त्याचा. त्याने फोटो पाहिला, माझी खालची ओळ पाहिलीच नाही. ओळ वेगळी पाठवली होती मी. फोटो पुढे गेला, ओळ मागे राहिली. सकाळपर्यंत तो फोटो अहमदपूर, उदगीर, नांदेड करत मामांच्या गावात पोचला होता. हार होता, तारीख होती, खाली आमची सगळ्यांची नावं होती. कोण शंका घेणार?

मी पहाटेच गावाहून निघून तेव्हा लातूरच्या एसटीत होते, मोबाइल पिशवीत तळाशी. दादा आत होता, आत मोबाइल बंद ठेवायला लावतात. गावाने फोन करून करून नाद सोडला आणि ठरवलं की आम्ही मयत घेऊन निघालो आहोत.

दवाखान्याच्या दारात मोबाइल काढला तर फोनवर फोन येऊन गेलेले. शेजारच्या गुरम्माकाकूंना लावला. मागे बायकांचा आकांत ऐकू येत होता. मी ओरडले, "काकू, मामा जिवंत आहेत! खोटं आहे ते!" काकू आधी कानडीत काहीतरी पुटपुटल्या, मग म्हणाल्या, "आगं बाई, आता काय करावं? तुझ्या मामीचं कुंकू पुसलं की गं. बांगड्या बी फोडल्या."

हे सगळं देह दारात आल्यावर करतात. पण मामांची चुलती म्हातारी, तिला दिवस मावळायच्या आत सगळं उरकायची घाई. ती म्हणाली, उशीर हुईल, आवरून घ्या.

मी दादाला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर

मामांनी डोळे उघडले. बोट हलवलं. डॉक्टर स्वतःच चकित झाले आहेत.

गावात आता सगळे म्हणतायत, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. म्हणजे मीच वाचवलं म्हणे मामांना. देवा, तसंच असू दे.

मुज्तबाभाईंकडे गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "लोक मला फोन करून इचारायलेत, कवा छापला, कुठं लावला. मी म्हनलं छापलाच न्हाई." मग म्हणाले, "ताई, आता थोडे दिस येऊ नका दुकानात." मी स्टूल उचलून आत ठेवलं आणि निघाले.

२५ नोव्हेंबर

इतके दिवस लातूरला बाबांकडेच राहिले, मामीला तोंड दाखवायची हिंमत आज झाली. गेले तर ती अंगण सारवत होती. कपाळावर कुंकू परत लावलेलं, हातात नव्या बांगड्या, गुरम्माकाकूंनी दुसऱ्याच दिवशी भरल्या. मनगटावर काचेचा एक ओरखडा अजून आहे.

मी तिच्या पायावर डोकं ठेवून हुंदके दिले. तिने मला उठवलं, शेणाचा हात लांब धरून.

"तू कामून रडायलीस माय? मी तर न्हाई रडले."

किती मोठं मन! मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती. मी म्हटलं, मामी, तू किती सोसलंस त्या दिवशी. ती सारवणाकडे बघत राहिली. म्हणाली, "काय सोसायचं त्यात? बसले हुते नुसती."

निघताना विचारलं, काय हवंय का तुला लातूरहून? "काय नगं. ते कवा यायलेत घरी?" मी म्हटलं, आठवडाभरात. "हाव का," म्हणाली आणि परत सारवायला लागली.

३ डिसेंबर

मामा घरी आले. डावा हात अजून जड आहे, आवाज मात्र होता तस्सा. कोणी कोणी त्यांना सगळं आधीच सांगून टाकलंय. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण मामा खूश आहेत! ओसरीवर बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मी तर वर जाऊन आलो. माझा बॅनर बी निघाला हुता." तो फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवतात. मला म्हणाले, "फोटो झ्याक निवडलास. मिशा कशा दिसायल्यात!"

आणि मग प्रत्येकाला एकच प्रश्न, कोण कोण आलं होतं आणि कोण कोण रडलं? चुलती किती रडली, गावचे अमृतराव पाटील येऊन गेले का, आले तर चप्पल काढून आत आले की दारातूनच? नाव न् नाव लक्षात ठेवतात. इतके दिवस मी फ्लेक्सवर जे मोजत होते तेच मामा बाजेवर बसून मोजतायत, कोणाच्या मनात आपला चेहरा केवढा.

मी एकटी असताना मामांनी विचारलं, "आन् तुझी मामी? लई रडली आसंल."

मी म्हटलं, "खूप. आवरेना कोणाला."

मामा कपाळाला हात लावून हसले. त्यांचे डोळे भरले होते. "वेडी हाय ती," म्हणाले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला आणि परत सुरू झाला.

८ डिसेंबर

त्या दिवसाचा व्हिडिओ आहे. गुरम्माकाकूंच्या सुनेने काढला होता, उदगीरच्या ज्या पाहुण्यांना येणं जमणार नव्हतं त्यांना पाठवायला. आमच्याकडे हल्ली मयतीचं असंच असतं, न आलेल्यांनाही दिसलं पाहिजे. आज तिने मला दाखवला.

मॅडमना कळवलं. त्यांनी तासाभरात उत्तर दिलं: 'प्रतिमेने मृत्यू घडवला, दुसऱ्या प्रतिमेने त्याची साक्ष ठेवली. यावर स्वतंत्र प्रकरण हवं. व्हिडिओ मिळव.' मिळवला आहे. निळ्या वहीत लिहिलंसुद्धा, 'पत्नी शोकाने दगडासारखी झालेली.' एरवी मामीचा चेहरा इतका वेळ, इतका समोरून कोणीच टिपलेला नाही, हेही लिहिलं.

१२ डिसेंबर

प्रकरण लिहून होत आलंय. चांगलं होतंय. मामीला म्हटलं, तुझ्यावर लिहितेय. ती घाबरली. "काय लिवलंस?" मी सांगितलं, तू कशी थिजून गेली होतीस ते. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"तनु, ते पिच्चर पुसता येतंय का?"

"माझ्यातलं पुसेन मामी. लोकांच्या मोबाइलमधलं कसं पुसणार?"

"ह्यांनी बघाय नगं," ती म्हणाली. "बाकी कुनी बी बघू दे."

मी तिला समजावलं की मामांना वाईट वाटणार नाही, उलट तुझं दुःख पाहून त्यांना तुझी किंमत कळेल. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी अजून शाळेत आहे.

१४ डिसेंबर

मामांनी तो व्हिडिओ पाहिला.

उदगीरचे पाहुणे भेटायला आले होते. त्यांनीच कौतुकाने काढला, "बघा किशनराव, गाव कसं रडायलंय तुमच्यासाठी." पाहुणे चहा घेऊन गेले. व्हिडिओ मामांनी आपल्या मोबाइलवर घेतला होता. दुपारभर मी त्या बाजेवरून एकच आकांत पुन्हा पुन्हा सुरू होताना ऐकत होते. मग हाक आली.

"तनु, हिकडं ये. तू फोटोचाच अभ्यास करतीस नव्हं? ह्ये बघ आन् मला सांग."

मी शेजारी बसले. ओसरी बायकांनी भरलेली. चुलती ऊर बडवते आहे. मामी भिंतीला टेकली आहे, पाय लांब सोडलेले, हात मांडीवर उताणे. चुलती तिचं कपाळ पुसते तेव्हा मामी हनुवटी थोडी वर करते, पुसणारीला सोपं जावं म्हणून. बांगड्या फुटतात. कोणीतरी तांब्या पुढे करतं. मामी सगळं पाणी सावकाश पिते, तांब्या परत देते आणि डोकं मागे भिंतीला टेकवून डोळे मिटते. तेवढ्यात मामांनी बोटाने थांबवलं.

"कशी दिसायली सांग."

निळ्या वहीतलं सगळं मला पाठ होतं. मी म्हटलं, "मामा, धक्का बसला की माणूस असंच होतं. रडूसुद्धा येत नाही. याला..."

"आगं, मी काय आज ओळखायलोय तिला?" मामा ओरडले नाहीत. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दुखात हाय व्हय ही? निवांत हाय. बघ की. बाजारातून वझं आनून टाकल्यावर मानूस कसं बसतंय." त्यांनी पडद्यावर अंगठा ठेवला, मामीच्या तोंडावर. "मी हिला अशी बसलेली कवा बघितलीच न्हाई गं."

मी व्हिडिओ मागे नेला. परत पाहिलं तर तेच दिसलं. इतके दिवस मी तोच चेहरा मोठा करकरून पाहत होते आणि मला शोक दिसत होता, कारण मला शोक हवा होता. मामी मला पहिल्याच भेटीत सांगून मोकळी झाली होती, मी रडले नाही म्हणून. मी त्याला मोठं मन म्हटलं.

मला वाईट वाटतं ते हार घातल्याचं, तारीख टाकल्याचं, सगळ्याचंच. पण सर्वांत जास्त याचं वाटतं की मामांना हे न बघता मरता आलं असतं. आणि मामीला ते एकटीला ठेवता आलं असतं. दोघांचं ते झाकलेलं मी उघडं केलं आणि वर त्याचं प्रकरण लिहिलं. बाबांच्या समोर मांडी घालून बसलेला माणूस तोच, आणि घरात भाजीतल्या मिठावरून गरजणाराही तोच. मी त्यांच्यावर प्रेम करते. आता काय करू?

संध्याकाळी मामीने आतून आवाज दिला, ताटं केलीत. मी आणि मामा बसलो. मामी वाढून चुलीजवळ उभी राहिली, रोजच्यासारखी.

मामा म्हणाले, "तू बी बस."

मामीने माझ्याकडे पाहिलं. "तुमचं हू द्या."

"बस म्हनलं ना!" आवाज चढला आणि त्यांनी तो मध्येच गिळला. "बस की."

मामी बसली. मामांच्या समोर, एक गुडघा उभा, एक हात जमिनीवर टेकलेला, डोळे मामांच्या ताटावर. तिने स्वतःला वाढून घेतलं नाही. मामांनी दोन घास खाल्ले. ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या त्या टेकलेल्या हाताकडे बघत होते. भाकरी संपत आली तशी ती हातावर जोर देऊन अर्धी उठली.

"बस, बस," मामा म्हणाले. "काय लागलं तर मी घेतो. कोन न्हाई उठवायलं तुला."

"न्हाई, पानी आनते," मामी म्हणाली आणि उठली. पाण्याचा तांब्या मामांच्या उजव्या हाताशीच भरलेला होता.